लाल बटणाचा इतिहास : पुण्यातील घरगुती कारखाना आणि वीज

१/
पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत शिरताच हातोडीच्या ठोक्यांचा सलग नाद कानी पडतो. बंब, घंगाळ, हंडा, तपेले अशी तांब्याची भांडी घडवणाऱ्या त्वष्टा कासारांची ही वस्ती पेशवाईपासूनची. येथे घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत असेलच असे नाही. पुढच्या खोलीत ऐरण, मागच्या खोलीत चूल, अशी जुनी रीत. अशा घरांत विसाव्या शतकात विजेची मोटर आली आणि तिच्यासोबत भिंतीवर एक लहानशी वस्तू आली : बटण. हा इतिहास त्या बटणाचा आहे.

२/
बटण म्हणजे यंत्र सुरू करण्याचे साधन, अशी सर्वसाधारण समजूत असते. यंत्रांबरोबर काम करणाऱ्यांच्या पिढ्यांनी मात्र जबर किंमत मोजून दुसरे काही ओळखले. सुरू करणे हे बटणाचे सर्वांत सोपे काम. हवे त्या क्षणी यंत्र थांबवणे, आणि थांबलेले यंत्र माणसाने सांगितल्याखेरीज पुन्हा सुरू होऊ न देणे, ही त्याची अवघड कामे. मोठ्या कारखान्यांत ती कायद्याने बटणाकडे सोपवली. घरातल्या कारखान्यापर्यंत तो कायदा पोहोचलाच नाही.

३/
विजेच्या मोटरीपूर्वी यंत्र थांबवणे किती कठीण होते, हे पाहिले म्हणजे बटणाचे मोल कळते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, त्या काळात जगभर कारखान्याची रचना साधारण एकच असे. एका कोपऱ्यात एक इंजिन, छताखाली लांबलचक फिरता शाफ्ट, त्यावर पुल्या आणि प्रत्येक यंत्रापर्यंत उतरणारा चामडी पट्टा. यंत्र थांबवायचे तर पट्टा फिरत्या पुलीवरून शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवावा लागे. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला तर इंजिनापर्यंत हाक पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे.

४/
मग सह्याद्रीतून वीज उतरली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली, भिऱ्याचे १९२७ साली. पुणे शहरात १९२० च्या सुमारास वीज आली. १९२९ साली पुण्यापर्यंतचा लोहमार्ग विद्युतीकृत झाला आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ धावू लागली. वीज आल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देता येऊ लागली. शाफ्ट आणि पट्टे हळूहळू मागे पडले आणि यंत्र थांबवण्याची सत्ता इंजिनाच्या कोपऱ्यातून कारागिराच्या हाताशी आली.

५/
याच सुमारास मोटर इतकी लहान झाली की ती हातात धरता येऊ लागली. जर्मनीतील स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली विजेचे हातड्रिल तयार केले. १९१७ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि चापासारखे बटण असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. या चापाचे महत्त्व मोठे आहे. बोट दाबलेले असेल तोवरच यंत्र फिरते, हात सुटला की ते थांबते. ‘बंद’ ही येथे यंत्राची स्वाभाविक अवस्था ठरली आणि ‘सुरू’ ठेवण्यासाठी माणसाची सततची संमती आवश्यक झाली.

६/
भारतात अशी हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यांत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. मुंबईची रॅलिवुल्फ हे जुने नाव. १९७६ साली स्थापन झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स ही कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळची. पुण्यात हत्यारांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी आणि विजेच्या सामानासाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली हे पत्ते सुतारापासून हौशी कारागिरापर्यंत सर्वांना ठाऊक झाले. हात आखडता असेल तर जुन्या बाजारात वापरलेली मोटर मिळे. यंत्र घरी आणणे सोपे झाले. ते कोणत्या तारेला जोडायचे, हा प्रश्न मात्र घरी पोहोचल्यावर पडत असे.

७/
कारण घर म्हणजे वाडा होता. सागवानी खांब, लाकडी तक्तपोशी, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि त्यांवर लाकडी पट्ट्यांवरून क्लिपांनी ताणत नेलेली रबरी वेष्टनाची वायर. वर्षे सरतात तसे रबर वाळते, तडकते आणि हात लावताच गळून पडते. ही वायर दोन दिव्यांसाठी आणि फार तर एका पंख्यासाठी घातलेली असे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. जुनी वायर बदलण्याचा खर्च मालकाला परवडेना आणि भाडेकरूला तो आपला वाटेना. त्याच वायरवर मोटर चढली.

८/
यातला धोका साध्या गणिताचा आहे. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की निर्माण होणारी उष्णता चौपट होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पण मोटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दिव्यासाठी घातलेली बारीक वायर आतल्या आत तापते, वेष्टन मऊ पडते आणि ते लाकडाला टेकलेले असते. १८२८ साली शनिवारवाडा आणि १८७९ साली बुधवारवाडा आगीत गेला, तेव्हा शहरात वीज नव्हती. लाकडी वाडा आगीपुढे कसा उभा राहतो, हे पुण्याला तेव्हापासूनच माहीत होते.

९/
या तापण्यावरचा पहिला पहारेकरी म्हणजे फ्यूज. १८९० साली एडिसनला त्याचे पेटंट मिळाले. भारतीय घरांत त्याचे चिनीमातीचे रूप आले, त्याला सगळे ‘किटकॅट’ म्हणू लागले. प्रवाह वाढला की आतली बारीक तार वितळते आणि वाट तुटते. पण मोटर सुरू होताना फ्यूज वारंवार उडू लागला की घरोघरी एकच उपाय होई : तारेचे दोन-तीन पदर एकत्र पिळून बसवणे. फ्यूज उडायचा थांबे. प्रत्यक्षात पहारेकऱ्याला झोपवून चोरी थांबल्याचा आनंद मानण्यासारखे ते होते.

१०/
ही पळवाट बंद करणारे साधन १९२४ साली जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीत जन्मले. प्रवाह वाढताच आपोआप पडणारा आणि पुन्हा उचलता येणारा हा खटका म्हणजे आजच्या एमसीबीचा पूर्वज. वायरचे वेष्टनही बदलत गेले. प्रल्हाद छाब्रिया आणि किशन छाब्रिया या बंधूंनी १९५८ साली पुण्यात एका लहान उद्योगातून पीव्हीसी वेष्टनाच्या केबल बनवण्यास सुरुवात केली. त्यातूनच ‘फिनोलेक्स’ उभी राहिली. रबर जाऊन पीव्हीसी आले. तरीही किती जाडीच्या तारेवर किती भार टाकायचा, हा हिशेब माणसालाच करायचा राहिला.

११/
दुसरा धडा बटणाच्या जागेचा. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी फेजमध्ये जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टचा दाब असतो, न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच नसतो. बटण न्यूट्रलवर बसवले तरी यंत्र सुरू होते आणि बंदही होते. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. पण बंद असलेल्या यंत्राच्या आत फेज तशीच वाट पाहत उभी असते. पाते बदलण्यासाठी यंत्र उघडणाऱ्याला ती भेटते. म्हणून १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलमध्ये एकटे बटण किंवा फ्यूज बसवण्यास मनाई केली. न्यूट्रल तोडायचीच असेल तर फेजसोबत, एकाच खटक्याने तोडावी, असा दंडक घातला.

१२/
रंगांचाही इतिहास आहे. भारतीय वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या तीन फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, ही परंपरा. आयात हत्यारांच्या दोरीत मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. म्हणजे एकीकडे निळी तार फेज, दुसरीकडे न्यूट्रल. प्लग बदलताना केवळ रंगाच्या आठवणीवर विसंबणाऱ्याची येथे फसगत होऊ शकते. जुना वायरमन रंग पाहतो, पण विश्वास टेस्टरवर ठेवतो, तो यासाठीच.

१३/
तिसरा धडा तीन पिनांच्या प्लगमधल्या मोठ्या पिनेचा. ती जाड आणि लांब असते, त्यामुळे प्लग घालताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून फेज उतरली तर तिला जमिनीकडे जाण्याची वाट आधीच मोकळी असावी, ही त्यामागची योजना. तांबटाच्या घरात हिचे मोल दुप्पट. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसलेला, मांडीशी तांबे, बाजूला पाण्याची बादली. अर्थिंग नसेल तर ती वाट त्याच्या देहातून जाते.

१४/
पण अर्थिंग तुटलेली असू शकते आणि एमसीबी माणसासाठी नसतोच. तो वायरचा राखणदार आहे. सहा अँपियरचा एमसीबी म्हणजे ६,००० मिलिअँपियरपर्यंत तो निवांत असतो. अमेरिकेतील बर्कली येथे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले की सरासरी पुरुषाच्या हातातून सुमारे १६ मिलिअँपियर प्रवाह जाऊ लागला की स्नायू आवळले जातात आणि पकड सोडवता येत नाही. ज्या हाताने बटण बंद करायचे, तोच हात यंत्राला चिकटून बसतो.

१५/
याला उत्तर शोधले गेले ते १९५० च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींच्या अनुभवातून. हेन्री रुबिन यांनी तेथे अतिसंवेदनशील गळतीरोधक खटका विकसित केला. आजच्या आरसीसीबीचे तत्त्व तेच : फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा. ३० मिलिअँपियरचा खटका एवढ्या फरकाला सेकंदाच्या अंशात वाट तोडतो. मात्र एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर असेल तर जाणारा-येणारा प्रवाह सारखाच राहतो आणि या पहारेकऱ्याला काहीच कळत नाही. कोणतेही एक साधन पूर्ण नसते.

१६/
दोनच पिनांचे ड्रिल पाहून अनेकांना शंका येते. त्यावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी वेष्टनाचे यंत्र होय. आतले विद्युत भाग आणि बाहेरचे अंग यांच्यात संरक्षणाचे दोन थर असल्याने त्याला अर्थिंगची पिन लागत नाही. पण जुन्या बाजारातून आणलेल्या लोखंडी अंगाच्या यंत्राची तिसरी पिन कोणी कापून टाकलेली असेल तर ते दुहेरी वेष्टनाचे ठरत नाही. बाहेरून दोघांना दोनच पिना दिसतात. एकात तिसरीची गरज नाही, दुसऱ्यात ती गमावलेली आहे.

१७/
आता कायद्याकडे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २४ हा बटणाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवण्याची योग्य योजना हवी, संकटसमयी चालत्या यंत्राची शक्ती तोडणारे साधन प्रत्येक कामाच्या खोलीत हवे, असे ते सांगत असे. पुढे त्यात आणखी एक तरतूद आली : जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘सुरू’वर सरकू शकते, त्याला बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असावी. थांबवणे आणि थांबलेले थांबलेलेच ठेवणे, ही दोन्ही कामे कायद्याच्या भाषेत आली.

१८/
पण हा कायदा कोणासाठी होता? मूळ व्याख्येनुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तरच तो ‘कारखाना’. कलम ८५ राज्य शासनाला लहान ठिकाणांनाही हा कायदा लावण्याचा अधिकार देत असे, परंतु एक अपवाद ठेवून : मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल ते ठिकाण वगळून. विद्युत नियमांत पुढे गळतीरोधक साधन आले, तेव्हाही पाच किलोवॉटच्या आतील लहान जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. बाप ऐरणीवर, मुलगा मोटरीवर, असे घर दोन्ही चाळण्यांतून खाली पडले.

१९/
या घरांची खरी परीक्षा वीज जाण्याच्या वेळी होते, त्याहून अधिक ती परत येण्याच्या वेळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि तेथील वीजपुरवठा खंडित होऊन मुंबईपर्यंतचे उद्योग अडखळले. पुढे २००० नंतरच्या दशकात भारनियमन हा महाराष्ट्राच्या दिनक्रमाचा भाग झाला. करवत लाकडात अर्धी शिरलेली असताना वीज जाते. सुतार बटण बंद करायला विसरतो, अडकलेले पाते हाताने सोडवू लागतो. तेवढ्यात वीज येते.

२०/
या एका क्षणासाठी शोधलेली वस्तू म्हणजे स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइल. हिरवे बटण दाबले की कॉइल चुंबक बनते आणि संपर्क धरून ठेवते. वीज गेली की चुंबकत्व जाते, संपर्क सुटतो आणि वीज परत आली तरी तो आपण होऊन जुळत नाही. कोणीतरी हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते. भिंतीवरच्या साध्या बटणाला वीज गेल्याचे कळतही नाही, ते ‘सुरू’च राहते. हातड्रिलचा चाप अडकवून ठेवणाऱ्या लहान खुंटीचेही तसेच. ती आत असेल तर ड्रिल पडल्या जागेवरून फिरू लागते.

२१/
महाराष्ट्राच्या शेतात मात्र याच कॉइलचा पराभव झाला. शेतीपंपाची वीज रात्री-अपरात्री येई. दर वेळी अंधारात विहिरीवर जाऊन हिरवे बटण दाबणे म्हणजे साप-विंचवांशी गाठ. म्हणून शेतकऱ्याने ऑटो स्विच बसवला : वीज येताच पंप आपोआप सुरू. त्याच्या जागी तो शहाणपणा होता, कारण पंपाच्या पात्यापाशी कोणाचा हात नसतो. तीच युक्ती करवतीच्या टेबलाला लावली तर ती घातक ठरते. यंत्र आपोआप सुरू व्हावे की नाही, हे शेवटी त्याच्यासमोर हात आहे की नाही यावर ठरते.

२२/
२००६ साली पुण्याने भारनियमनावर स्वतःचा तोडगा काढला. शहर परिसरातील उद्योगांनी आपली जनित्रे चालवून ग्रीडवरील भार हलका करायचा, त्याचा वाढीव खर्च ग्राहकांच्या बिलातून थोडाथोडा वसूल करायचा, अशी ही योजना. सीआयआयच्या पुढाकाराने आणि वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने ती आली व ‘पुणे मॉडेल’ म्हणून देशभर गाजली. शहरात दिवे टिकू लागले. पण पावसात झाड तारेवर पडले की वीज आजही जाते, आणि साधे बटण आजही तितकेच अनभिज्ञ असते.

२३/
म्हणून आजच्या घरगुती कारखान्याचा नीट जोडलेला बोर्ड हा भिंतीवरचा इतिहास आहे. मीटरपासून यंत्रांसाठी वेगळी, पुरेशा जाडीची वायर : वाड्यातील तापलेल्या पट्ट्यांचा धडा. त्या वायरला साजेसा एमसीबी : पिळलेल्या फ्यूज तारेचा धडा. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी : न सुटणाऱ्या हाताचा धडा. सोळा अँपियरचा तीन पिनांचा सॉकेट आणि तपासलेली अर्थिंग. टेबलावरच्या यंत्राला नो-व्होल्टचा स्टार्टर, आणि त्याचे लाल बटण गुडघ्याने किंवा कोपरानेही दाबता येईल असे. हे काम परवानाधारक वायरमननेच करायचे, हा दंडकही १९५६ च्या नियमांतून आलेला.

२४/
उरतो तो कुलुपाचा धडा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो आणि बटण बंद केल्यावरही काही क्षण फिरतच राहतो. चकती पूर्ण थांबेपर्यंत थांबणे, मग प्लग काढणे, आणि चकती बदलून होईपर्यंत तो प्लग आपल्या नजरेसमोर ठेवणे : कलम २४ मधील कुलुपाचा हा घरगुती अवतार आहे. त्याला खर्च नाही आणि निरीक्षक नाही.

२५/
कारखान्यातल्या कामगाराच्या मागे कायदा, निरीक्षक आणि संघटना उभी राहिली. त्यासाठी अनेकांनी बोटे, हात आणि प्राण गमावले. घरात काम करणाऱ्या कारागिराच्या मागे यांपैकी कोणीच नव्हते. त्याच्या वाट्याला फक्त त्या लढ्यातून निघालेली साधने आली, आणि ती वापरण्याची सक्ती कोणी केली नाही. जिथे बापाच्या हाताखाली मुलगा काम शिकतो, तिथे हिरव्या बटणाच्या आधी लाल बटण दाखवणे, एवढाच काय तो त्या घराचा कारखाना कायदा.

(समाप्त)